पाणी मोजणाऱ्या सिस्टर

पंचशीला सिस्टर आमच्या सोसायटीत कोणालाच आवडत नाहीत, आणि मलाही नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या तोंडून त्यांच्याबद्दल काही बरं निघालं तर ते प्रेमापोटी निघालं असं कोणाला वाटायला नको.

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमची सुवर्णरेखा सोसायटी आहे. ए विंग रस्त्याच्या बाजूला, खाली दुकानं. बी विंग मागे, नाल्याला लागून. आम्ही लोअर परळची खोली विकून इथे आलो तेव्हा आमच्या पैशात बी विंगच बसत होती. सिस्टर आमच्या समोरच्या दारात राहतात. मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्या वॉर्डच्या इन्चार्ज होत्या. रिटायर झाल्या, पण वॉर्ड काही अंगातून गेला नाही. जिन्यात चपलांचा ढीग दिसला की दार वाजवणार. कोणाचं मूल खोकलं की आईला तिथेच धरणार, "किती दिवस झाले? डॉक्टरला दाखवलं? नाही? का नाही?" माझ्या बायकोला, संचिताला, त्यांनी भरल्या लिफ्टमध्ये सांगितलं होतं, "आधी नखं काप, मग बाळाला घे." आमचा मुलगा आता नववीत आहे, संचिता ते अजून विसरलेली नाही.

त्यांचे मिस्टर वाल्मिकराव मात्र सगळ्यांना आवडायचे. बेस्टच्या डेपोतून रिटायर झालेला, हळू बोलणारा माणूस. संध्याकाळी कंपाउंडमधल्या बाकावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'काय, झालं का ऑफिस?' एवढंच विचारायचे. मी सिस्टरांबद्दल जे जाणतो त्यातलं निम्मं त्या बाकावर कळलेलं आहे.

त्या उन्हाळ्यात गल्लीत पाणी एक दिवसाआड यायला लागलं, आणि आलं तरी खालची टाकी अर्धी भरेपर्यंत जायचं. उरलेलं टँकरने घ्यायचं. आमच्या इमारतीची रचना अशी की खालच्या टाकीतून पंप आधी ए विंगच्या गच्चीवरची टाकी भरतो, मग बी विंगची. पाणी पुरेसं असताना याचं कोणाला काही वाटत नव्हतं. आता ए विंग भरून होईस्तोवर खाली तळ दिसायचा. आमच्याकडे नळातून नुसती हवा फुसफुसायची, आणि समोर ए विंगच्या गॅलऱ्यांमधून धुतलेल्या चादरींचं पाणी ठिबकताना दिसायचं.

एप्रिलमध्ये मीटिंग बोलावली ती भांडणासाठीच. तेव्हा सेक्रेटरी होते यतीनभाई. ए विंगखाली त्यांचं नळ-टाईल्सचं दुकान आहे, राहायलाही ते ए विंगलाच. बी विंगवाले सगळे एकदम ओरडत होते. यतीनभाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं, मग चाव्यांचा जुडगा टेबलावर आपटला.

"मेरे को क्या मिलता है इसमें? फुकट का काम और ऊपर से गाली! जिसको करना है वो करो!"

सेक्रेटरी व्हायचं म्हटलं की लोक मोबाईल बघायला लागतात. मागच्या खुर्चीवरून पंचशीला सिस्टर उठल्या, टेबलापर्यंत आल्या आणि त्यांनी जुडगा उचलला.

"मी करते. पण मी केलं तर माझ्या पद्धतीने करीन."

आम्ही टाळ्या वाजवल्या. ब्याद टळल्याचा आनंद होता तो. कमिटीत आणखी कोणीतरी हवं म्हणून बी विंगमधून माझं नाव पुढे केलं गेलं, आणि विमा कंपनीत असलेल्या माणसाला हिशोब येतोच असं धरून मी खजिनदार झालो.

त्यांची पद्धत आठवड्याभरात कळली. आमच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटच्या माळ्यावर आपापली टाकी आहे आणि तिच्यात येणारी लाईन एकच. संडासाला बोअरचं पाणी, त्याची लाईन वेगळी. खाडी जवळ असल्यामुळे बोअरचं पाणी खारट, ते तोंडात घेववत नाही. सिस्टरांचं म्हणणं असं की गोड्या पाण्याच्या प्रत्येक लाईनवर मीटर बसवायचा आणि एक कॉक. माणशी कोटा ठरवायचा. कोटा संपला की कॉक बंद, पुढचं पाणी येईपर्यंत. ए विंग असो की बी विंग.

बी विंगची डोकी जास्त होती. शिवाय ए विंगचे निम्मे लोक रागाने मीटिंगला आलेच नव्हते. ठराव पास झाला. मीटर बसल्यावर पहिल्यांदा गच्चीवरच्या दोन्ही टाक्यांत सारखं पाणी राहिलं. आमच्या नळाला धार आली. संचिता म्हणाली, "बाई खडूस आहे, पण कामाची आहे." हे तिचं मत जेमतेम दहा-बारा दिवस टिकलं, कारण पाहुणे आले आणि आमचाच कॉक बंद झाला. मी खजिनदार. मी समोरचं दार वाजवलं.

"सिस्टर, माझ्या बहिणीची माणसं आलीत हो."

"माहितीये. काल त्यांच्या मुलांना मी गॅलरीत पाणी उडवताना पाहिलं."

"आता काय करू मग?"

"खालच्या दुकानातून बाटल्या आणा," म्हणाल्या आणि दार लावलं.

नियम सगळ्यांना सारखा असला की लोक खूश होतात असं आपण म्हणतो. आमच्याकडे तरी तसं झालं नाही. ए विंगचा राग समजण्यासारखा होता, त्यांचं काहीतरी गेलं होतं. पण बी विंगलाही वाटत होतं की आपण यांना निवडून दिलं ते ए विंगला धडा शिकवायला, आपले कॉक बंद करायला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी यायला लागलं. कोणी त्यांच्या दाराबाहेर रिकामी बादली उपडी ठेवून गेलं. कोणी बेल वाजवून पळायचं. बाकावर वाल्मिकराव बसले की शेजारचे दोघं-तिघं उठून गेटकडे चालू लागायचे. त्यांच्या 'झालं का ऑफिस?' ला मी उत्तर द्यायचो, पण उभ्या उभ्याच.

एकदा मी बसलो. गच्चीच्या जिन्याजवळ कोणीतरी खडूने सिस्टरांबद्दल घाण काहीतरी लिहिलं होतं आणि वाल्मिकराव ते ओल्या फडक्याने पुसून खाली आले होते.

"तुम्ही त्यांना समजावत का नाही?" मी विचारलं.

"कोणाला? हिला?" ते हसले. "उदयराव, हिची आई मी पाहिलीये. बहात्तरच्या दुष्काळात जिंतूरकडून मुंबईला आलेली बाई. चेंबूरला टेकडीच्या पायथ्याशी आमची वस्ती. एवढ्या वस्तीला एक नळ. तिथे मारामाऱ्या व्हायच्या, डोकी फुटायची. हिच्या आईने एक दिवस काठी घेतली आणि नळाशी जाऊन बसली. रांग लावली. दादा असो की दादाची बायको, रांगेत. पहिला महिनाभर शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला. ही तेव्हा शाळकरी पोरगी, आईच्या शेजारी बसून हंडे लावायची. म्हातारी म्हणायची, नळाला दया नसते, रांग असते."

"आणि गावाकडे?"

"गावाकडचं म्हातारी एकदाच बोलली होती. विहिरीच्या काठाला शिवायचं नाही, कोणी वरून ओतलं तर घ्यायचं, नाही ओतलं तर बसून राहायचं. एवढंच." त्यांनी फडकं पिळलं. "परत कधी विषय काढला नाही तिने."

मे महिन्याच्या मीटिंगमध्ये हे माझ्या डोक्यात होतं म्हणून पुढचा प्रसंग मला जास्त लागला असेल. टँकरच्या वेळांवरून बोलणं चाललं होतं. यतीनभाई मागे उभे होते. ते शेजाऱ्याला म्हणाल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "क्या जमाना आ गया. अब ये लोग हमको पानी नाप के देंगे."

दोघंतिघं हसले. सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ये लोग म्हणजे कोण, यतीनभाई?"

"कमिटी. और कौन?"

"कमिटीत उदयही आहे. त्याच्याकडे बघून बोललात का?"

"अरे, आप तो हर बात को..."

"नाही, सांगा ना. ये लोग कोण? नाव घ्या. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. हसलेले लोक जमिनीकडे बघत होते. यतीनभाईंचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी हात झटकला आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं होतं कोणीतरी काही बोलेल. कोणी बोललं नाही. मीही नाही. सिस्टरांनी पेन उचललं, "टँकर सकाळचा," म्हणाल्या आणि मीटिंग पुढे सुरू झाली.

आता रश्मीबद्दल सांगायला हवं.

रश्मी ए विंगला चौथ्या मजल्यावर. ती शाळेत शिकवते. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येतो, रविवारी जातो. घरात सासू, सगळे त्यांना माई म्हणत. मूळच्या गिरगावातल्या, करारी बाई. मागच्या वर्षी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण उठून चालणं काही जमलं नाही. सगळं अंथरुणात. रश्मी शाळेत जाताना एक बाई येऊन बसायची, बाकी सगळं रश्मीच करायची. दोन माणसांच्या कोट्यात माईंच्या चादरी, कपडे, अंग पुसणं बसणार कुठून? पहिल्याच आठवड्यात कॉक बंद झाला. ती सिस्टरांकडे आली तेव्हा माझं दार उघडं होतं.

"मला थोडं जास्त पाणी लागेल. घरात पेशंट आहे. तुम्ही स्वतः नर्स, तुम्हाला सांगायला नको."

"पेशंटचं अंग एका बादलीत पुसून होतं," सिस्टर म्हणाल्या. "अर्धी बादली साबणाची, अर्धी साधी. वॉर्डमध्ये आयुष्यभर केलंय मी."

"आणि चादरी?"

"चादरी बोअरच्या पाण्यात धुवा. त्याला कोटा नाही."

"खारं पाणी आहे ते."

"चादर काही पाणी पीत नाही." मग आवाज थोडा खाली आणून, "हे बघ रश्मी, एकाला सूट दिली की उद्या चाळीस जण येतात. मग नियम राहत नाही, ओळख राहते."

रश्मी तशीच वळली. ती जिना उतरून गेली. दोन विंगच्या मधल्या मोकळ्या जागेतून जाताना तिने वर पाहिलं, आणि मी गॅलरीतून आत सरकलो.

जूनचे पहिले दिवस. पावसाचा पत्ता नव्हता. ए विंगच्या पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग चालली होती. रश्मी आली ती हातात टब घेऊन. निळा प्लास्टिकचा कपड्यांचा टब. सरळ टेबलापाशी गेली आणि तिने तो टेबलावर पालथा केला.

ओल्या, घाणीने भरलेल्या चादरी. माझ्या समोरच्या कागदांवर ते पाणी पसरलं. बायकांनी पदर नाकाला लावले. कोणाची तरी खुर्ची मागे पडली.

"घ्या," रश्मी म्हणाली. "मोजा. किती लिटर लागेल ते तुम्हीच मोजा."

मला वाटलं आता सिस्टर फाडून खाणार. पण त्या वाकून चादरीकडे बघत होत्या. मग त्यांनी चादरीचं एक टोक दोन बोटांनी उचललं, उजेडाकडे धरलं. पिवळसर, मध्ये लालसर, असा एक डाग होता. बाकीच्या घाणीपेक्षा वेगळा.

"जखम कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "माकडहाडावर की टाचेला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"कुठे आहे, रश्मी?"

रश्मी रडायला लागली, रागानेच. "खाली. पाठीच्या खाली. आधी नुसतं लाल होतं."

सिस्टर उठल्या. "उदय, चल." मी का, हे मला आजही कळलेलं नाही. बहुधा साक्षीदार लागतो म्हणून.

माईंच्या खोलीत तो वास होता जो अशा घरांत असतो, वर उदबत्तीचा. माईंनी आम्हाला पाहिलं.

"कोण गं ही?"

"पाणी बंद करणारी," रश्मी म्हणाली.

"मग इथे काय काढलंय हिने?"

सिस्टर पलंगाशी गेल्या. माईंना कुशीवर वळवताना त्यांचे हात मी पाहिले. तेवढा वेळ त्या बाईचं तोंड आणि हात दोन वेगळ्या माणसांचे वाटत होते. जखम रुपयापेक्षा मोठी होती. सभोवतालची कातडी पांढुरकी, भेगाळलेली. सिस्टरांनी चादरीवरून तळवा फिरवला, मग तोच तळवा बोटांनी चोळून पाहिला. खारट पाण्यात धुऊन वाळलेली चादर खरखरीत होती, जवळजवळ कडक.

त्यांनी रश्मीला पाणी उकळायला सांगितलं. रश्मी म्हणाली, "टाकीत नाहीये." सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जाऊन त्यांच्या लाईनीचा कॉक उघडला.

जखम धुऊन, पट्टी करून आम्ही बाहेर पडलो. लिफ्ट न घेता त्या जिन्याने निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबल्या.

"माझ्या वॉर्डातल्या शिकाऊ पोरीने हे केलं असतं ना, उदय, तर मी तिला युनिफॉर्मसकट बाहेर काढली असती. खाऱ्या पाण्याची चादर, हलता न येणारा पेशंट. हे मला कोणी सांगायला हवं होतं?"

मी म्हणालो, "तुम्हाला कुठे माहीत होतं की..."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी विचार केला नाही. नियमाचा केला."

पुढच्या मीटिंगला त्यांनी उभं राहून हेच सगळ्यांसमोर सांगितलं. माझी चूक झाली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घराला जास्त पाणी मिळेल, आजपासून. बस्. माफी मागण्याची ती पद्धत असेल तर वॉर्डातली असेल. रश्मी त्या मीटिंगला आलीच नव्हती.

आणि मग आमच्या सोसायटीत साथ आल्यासारखी माणसं अंथरुणाला खिळायला लागली. त्याच आठवड्यात नऊ अर्ज. सिस्टर म्हणाल्या, "प्रत्येक पेशंट मी बघणार." मी पुन्हा बरोबर. एका घरात आजोबा डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन कण्हत होते. सिस्टरांनी पायाकडून पांघरूण उचललं, तर आजोबांच्या पायात बूट. नुकतेच बाजारातून आले होते. दुसरीकडे एक मावशी झोपल्या होत्या, त्यांच्या तोंडात पान होतं आणि ते थुंकायचं कुठे हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. नऊपैकी तिघे खरे निघाले. उरलेल्या सहा घरांनी त्या दिवसापासून सिस्टरांशी बोलणं टाकलं. आजोबांच्या मुलाने तर ग्रुपवर लिहिलं की ज्येष्ठ नागरिकाचा अपमान झाला आहे.

माईंच्या पट्टीला सिस्टर रोज सकाळी जायच्या. याने काही मनं जुळली वगैरे असं कोणी समजू नये. रश्मी दार उघडायची आणि आत स्वयंपाकघरात निघून जायची. चहा कधी विचारला नाही. माईंची जीभ मात्र शाबूत होती. एकदा मी मीटर बघायला त्या मजल्यावर होतो तेव्हा ऐकलं.

"हात धुतलेस का गं?" माईंनी विचारलं.

"धुतले. घरून धुऊन आलेय. तुमच्या सुनेच्या कोट्यातलं पाणी वापरलं नाही."

"नुसती बोलते मेली."

"कुशीवर वळा."

"वळते ना! ढकलतेस कशाला?"

जखम भरायला पावसाळ्याचा बराचसा भाग गेला. भरली मात्र. सिस्टर जायच्या थांबल्या. दोघींपैकी कोणीही 'येत जा' म्हटलं नाही.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा. धरणं भरली होती, नळाला पाणी होतं, आणि पाणी असलं की माणसाला मीटर नुसता अपमान वाटतो. यतीनभाई पुन्हा उभे राहिले. त्यांचं एकच म्हणणं होतं: मीटर काढून टाकू, माणसासारखं राहू. सिस्टरांनी भाषण केलं नाही. "पुढचा उन्हाळा येणारच आहे," एवढंच म्हणाल्या.

मतदानाआधी रश्मी उभी राहिली. सगळ्यांना माहीत होतं की सिस्टर तिच्याकडे रोज जात होत्या.

"माझ्या सासूबाईंची जखम यांनी बरी केली," ती म्हणाली. "ते मी नाकारत नाही. पण ती जखम यांच्यामुळे वाढली. चूक कळायला यांना माझी घाण टेबलावर यावी लागली. ज्या माणसाला त्याशिवाय कळत नाही त्याच्या हातात मी माझ्या घराचा कॉक देणार नाही. माझं मत यतीनभाईंना."

सिस्टर तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली, जशी बरोबर उत्तर दिलेल्या विद्यार्थिनीकडे बघून हलवावी. मग मतं मोजली. त्यांना मिळालेली मतं इतकी कमी होती की कोणी दिली हे नावानिशी सांगता आलं असतं. चाव्यांचा जुडगा त्यांनी यतीनभाईंच्या हातात दिला आणि वाल्मिकरावांबरोबर बी विंगच्या जिन्याकडे गेल्या. मागे कोणीतरी शिट्टी वाजवली.

मीटर काढायची सुरुवात ए विंगच्या वरच्या मजल्यांपासून झाली. पण प्लंबर दोन मजले करून दुसऱ्या कामाला गेला आणि काम रेंगाळलं. मग मार्च आला, पाणी पुन्हा एक दिवसाआड. मीटर नसलेल्या त्या दोन मजल्यांनी आपल्या टाक्या काठोकाठ भरल्या आणि त्यांच्या खाली राहणाऱ्या यतीनभाईंच्या नळाला हवा आली. दुसऱ्याच आठवड्यात मीटर परत बसले. त्यावर ग्रुपवर एकच ओळ आली: 'फिलहाल मीटर चालू रहेंगे.' सिस्टरांचं नाव त्यात नव्हतं, आणि नियम सगळे त्यांचेच होते. आजारी माणसाची सूटसुद्धा.

खरी अडचण मात्र गल्लीत होती. मुख्य रस्त्यावरून गल्लीत येणारी लाईन एकच. तिच्यावर आमची धरून पाच सोसायट्या आणि अगदी शेवटी, जिथे गल्ली खाडीकाठच्या खाजणाकडे संपते, तिथे एक बैठी चाळ. चाळीपर्यंत पाणी पोचेस्तोवर लाईनीत काही उरायचं नाही. बायका आमच्या गेटवर हंडे घेऊन यायच्या, वॉचमन सूरज त्यांना हाकलायचा. तसा त्याला हुकूमच होता. शेवटी गल्लीतल्या सगळ्यांची बैठक शाळेच्या हॉलमध्ये ठरली. पालिकेचा एक इंजिनिअर येणार होता. कोणाला किती वेळ पाणी, हे तिथे सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं.

आमच्याकडून कोण जाणार? बाकीच्या सोसायट्या दांडगी माणसं पाठवणार हे उघड होतं. यतीनभाईंनी कमिटीत सगळ्यांकडे बघितलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "सिस्टर को भेजो. वहाँ कोई उनके सामने टिकेगा नहीं."

मीच निरोप घेऊन गेलो. सिस्टर भाजी निवडत होत्या.

"आता का?" त्यांनी विचारलं.

"तिथे भांडायला माणूस हवाय."

"मी भांडत नाही. मी सांगते, आणि लोक भांडतात." मग म्हणाल्या, "जाईन. तुमच्या यतीनभाईंना सांग, मला काय सांगायचं ते मी ठरवणार."

मी तेवढं शेवटचं वाक्य यतीनभाईंना सांगितलं नाही, कारण ते त्यांनी ऐकलं नसतं. बैठकीला मीही गेलो. दोन तास नुसता गोंधळ. प्रत्येक सोसायटीला आपली वेळ वाढवून हवी होती. चाळीच्या दोन बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांना कोणी खुर्ची दिली नव्हती आणि त्यांच्याकडे इंजिनिअर सोडून कोणी बघतही नव्हतं. सिस्टर उठल्या. त्या बोलत असताना एका दाढीवाल्या सेक्रेटरीने मध्ये तोंड घातलं, तर त्याला "तुमची पाळी झाली, बसा," असं सांगून बसवलं. तो बसला. मला आत कुठेतरी बरं वाटलं, आपलं माणूस म्हणून.

आणि मग त्या म्हणाल्या, "सुवर्णरेखा आपल्या वेळेतला अर्धा तास सोडते. तो शेवटच्या चाळीला द्या. थेट, मधले सगळे व्हॉल्व्ह बंद करून. आम्ही सोडला, आता बाकीच्या चौघांनी सांगा, तुम्ही किती सोडता."

मी उभा राहिलो. "सिस्टर, हे कमिटीत ठरलेलं नाही!"

"मला पाठवताना काय ठरलं होतं?"

इंजिनिअर तेवढ्यात लिहायला लागला होता. एका सोसायटीने दहा मिनिटं सोडली, दुसरीने पाच, तीही तोंड वाकडं करून. उरलेल्या दोघांनी काहीच नाही. चाळीच्या बायकांतली एक म्हणाली, "एवढं लिवून द्या बरं का सायेब, उद्या न्हाय म्हनाल." आभार वगैरे तिने कोणाचे मानले नाहीत. तिच्या अंगावर वर्षानुवर्षं ओरडणारी गल्लीच होती ती.

परत आलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. यतीनभाई गेटवर उभे होते, त्यांच्यामागे दोन्ही विंगची माणसं. दोन्ही विंग एकत्र उभ्या राहिलेल्या मी त्याच दिवशी पाहिल्या.

"हमारा पानी बाँट के आई!" यतीनभाई ओरडले. "आपको हमने हमारे लिए भेजा था!"

"हो. अर्धा तास गेला. कोटा थोडा कमी करावा लागेल. उद्या गणित करून देते."

"गणित? आप होती कौन हो?"

संचिताही त्या घोळक्यात होती, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होती. कोणी म्हणालं, पोलिसात जाऊ. कोणी म्हणालं, यांना सोसायटीतून काढा. सिस्टर मध्ये उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. कोणाला थांबवत नव्हत्या आणि कोणाला उत्तरही देत नव्हत्या. वाल्मिकराव त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. रश्मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होती. ती खाली आली नाही. ओरडलीही नाही.

अर्धा तास काही परत मिळाला नाही. लिहून झालं होतं. आता आमच्या नळाची धार सकाळी लवकर बारीक होते, आणि ती बारीक झाली की आमच्या स्वयंपाकघरातून सिस्टरांच्या नावाने जे निघतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मीही अधूनमधून भर घालतो. सूरज सांगतो की चाळीतल्या बायका आता गेटवर येत नाहीत.

गेल्या महिन्यात गल्लीची पुन्हा बैठक लागली. यतीनभाईंनी ग्रुपवर विचारलं, कौन जा रहा है? दिवसभर कोणी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन गेटपाशी पोचलो होतो. सिस्टर छत्री आणि पर्स घेऊन गेटमधून बाहेर पडल्या आणि शाळेच्या हॉलकडे वळल्या. यतीनभाई दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी पाहिलं, तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.